सहभागी सात

फॉर्मवर दोनच चौकोन होते, पूर्णवेळ आणि अर्धवेळ.
मी अर्धवेळवर खूण केली.
खिडकीतल्या भाईंनी चष्म्यावरून बघितलं.
बेन, नोकरी चालू? उंमर?
शेहेचाळीस, म्हटलं.
सरस, म्हणाले, आणि शिक्का मारला, जरा जोरातच.

तेव्हापासून शनिवार असा :
सकाळची शाळा, वाडीतून स्कूटर,
मांडवीला वळसा, काळ्या घोड्यापाशी सिग्नल,
विश्वामित्रीच्या पुलावर कुणीतरी कुणाला तरी मगर दाखवत असतं,
मी अडीचच्या धाकात पुढे निघून जाते.
अडीचला अंजारिया मॅडम.
त्यांची पेन्सिल तांबडी. माझ्या प्रत्येक पानाच्या समासात
एकच प्रश्न : हे तुम्हाला कसं कळलं?

बावीस वर्षं शिकवतेय.
इन्स्पेक्टर आले, बदल्या झाल्या, पुस्तकं तीनदा बदलली,
कसं कळलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

विषय : वर्गात न बोलणारी मुलं.
विचार मराठीत करते, शिकवते गुजरातीत, लिहायचं इंग्रजीत.
मुलाचं गप्प बसणं
एका भाषेतून दुसरीत नेताना
थोडं थोडं सांडतं.
तळाशी उरतं ते तक्त्यात भरते.

घरी जेवणाच्या टेबलाचे दोन भाग,
अलीकडे सलोनीची बारावी, पलीकडे माझे संदर्भ,
मधे मिठाची बरणी, तीच हद्द.
नवरा विचारतो, पगारात काही फरक?
नाही.
मग?
नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब, मी म्हणते.
तो हसतो. मीही. आणि भांडी घासायला उठते तो.

सहभागी सात. त्याचं नाव लिहायचं नाही.
इथेही लिहिणार नाही.
त्याचे वडील मांजा रंगवतात,
त्याच्या वहीच्या कडांना गुलाबी बोटं उमटलेली असतात,
हे मी दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं.
मॅडमनी खोडलं : ओळख पटेल.
बरोबरच आहे.
तर प्रबंधातल्या मुलाला आता बोटं नाहीत.

अकरा आठवड्यांत तो चारदा बोलला.
तारखा आहेत माझ्याकडे.
एका गुरुवारी अपूर्णांक चालू होते.
पाव मोठा की तृतीयांश, मी विचारलं,
आणि त्याचा हात निघाला,
कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत नाही.
मी पेनाचं टोपण काढलं.
त्याने पेनाकडे बघितलं.
हात परत बाकाखाली.

सुट्टीत सगळे पळाले. तो दप्तर भरत राहिला,
दोन वह्यांना लागेल त्याच्या कितीतरी पट वेळ लावून.
मग दाराशी थांबून :
बेन, पहेलां तमे जोतां हतां, हवे लखो छो.

आधी बघायचात. आता लिहिता.
आठ शब्द. त्याचं आजवरचं सगळ्यात लांब वाक्य,
आणि खरं सांगू? माझा हात
पर्समधल्या डायरीकडे गेलाच.

शनिवारी मॅडमना सांगितलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
सवयीने मी सेकंद मोजायला लागले
आणि चारावर स्वतःलाच धरलं.
मग तुम्ही काय केलंत?
टोपण लावलं.
हे लिहा, म्हणाल्या.
कुठल्या क्रमांकाखाली? मी विचारलं.
पेन्सिल कागदावर टेकली,
पण समासात या वेळी काही उमटलं नाही.

परतताना पुलावर तीच गर्दी.
स्कूटर बाजूला घेतली.
एका लहान पोरीने बोट दाखवलं, त्या दिशेने बराच वेळ बघितलं.
पाणी गढूळ, काठावर काहीतरी काळपट,
ओंडका असेल, नसेलही.
मागून हॉर्न वाजत होते.

मीठ संपलंय, सलोनीचा मेसेज.
सोमवारी अपूर्णांक पुन्हा घ्यायचेत.
पेन स्टाफरूममध्ये ठेवून जाईन म्हणते.
जमेल की नाही, कसं कळणार?