उभं राहण्याचे तास

झेफरीनो, ऊठ. एकदम नको.
आधी पाय खाली सोड. थांब. आता पाणी, पेलाभर.
उशाकडच्या खुरांखाली मी दोन-दोन विटा दिल्यात,
रात्रभर आपण दोघं पायथ्याकडे घसरतो
आणि सकाळी पांघरूण जमिनीवर सापडतं.

साताला मिडोड्रिनची पहिली गोळी.
थोड्या वेळात टाळूवर मुंग्या,
मानेवरचे केस ताठ,
अंगावर काटा येतो तुझ्या,
भीती नाही, थंडीही नाही.
“चढलं,” म्हणतोस,
बापाच्या होडीतून भरतीचं पाणी बघून
म्हणायचास तसंच.

मीठ खा, म्हणाली पोर्तोची डॉक्टर.
साऱ्या गल्लीला बंदी, तुला मुभा!
खारवलेला कॉड न भिजवता चघळत
तू हसलास:
जन्मभर समुद्राचं खाल्लं,
बघू, रक्त तरी मिठाला जागतं का.

आमच्याकडे बापाची खूण धाकट्याला मिळते.
वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचावर, थडग्यावर
तीच चार रेघांची.
तू धाकटा.
बापाचे पायही तुलाच आले,
आधी बधिर, मग जळणारे, मग
उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी.
ग्रासिंदा तपासणीला गेलेली नाही.
मी विचारत नाही.

शेवटची गोळी चारच्या आत.
नंतर घेऊन आडवा झालास
तर तेच रक्त डोक्यात उसळेल,
कागदावर लाल शाईनं लिहिलंय.
आज मिरवणूक होती, तू सहाला घेतलीस,
माझ्या डोळ्यांदेखत.
बंदरावर मेरीची मूर्ती समुद्राकडे वळवली,
होड्यांनी भोंगे दिले,
आणि तू पुरुषांच्या रांगेत, टोपी हातात,
कुणाचा दंड न धरता
शेवटचं दारूकाम विझेपर्यंत उभा.
मी मूर्तीकडे पाहिलंच नाही.

आता दहापर्यंत आडवं व्हायचं नाही.
म्हणून स्वयंपाकघरात खुर्च्यांवर आपण,
तुझ्या मांडीवर जाळं,
जे आता कुणी पाण्यात टाकणार नाही.
घड्याळाला तू शिवी देतोस, मी कॉफी नाकारते.

ग्रासिंदा आली. पायरीवर बसली,
बूट काढून तळवे चोळत म्हणाली,
“बधिर झालेत. फार वेळ उभी होते ना.”

तुझी सुई जाळ्यात थांबली.

“हो,” म्हणाले मी, “फार वेळ,”
आणि तिच्या पायांसाठी
पाणी तापत ठेवलं.