मधली चित्रं

नळ स्टॉपच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा स्टुडिओ. तिथे मी मधलं काढते.
म्हणजे असं, की देवस्थळी सर
हात खाली सोडलेलं एक पोर काढतात,
मग हात वर केलेलं तेच पोर,
आणि खालून वर जाईपर्यंतचा हात
माझा.

सिनेमा उन्हाळी शिबिराचा.
अकरा मुलं, एक तळं, एक हरवलेली शिट्टी,
शेवटी सगळ्यांची गट्टी, ती तर ठरलेलीच.
तळं शाहिस्तानं रंगवलंय, इतकं निळं
की खडकवासल्यानं मान खाली घालावी.
शॉट एकशे चौदा: बस सुटते,
मुलं खिडक्यांतून हात हलवतात.
एका सेकंदाला चित्रं बारा,
आणि निरोपाला सरांनी दिलेत सेकंद चार.
"पुरे. लोक कंटाळतात."

त्याच आठवड्यात मिहिकाची बस सुटली,
पहाटे सहाला, टिळक रोडवरून, पानशेतकडे.
बाटलीवर मी नाव चिकटवलं होतं,
टॉवेलवर, टॉर्चवर,
चपलेच्या आतसुद्धा, जणू पोरगी हरवलीच
तर चप्पल सांगेल, कुणाची ते.
तिनं हात हलवला नाही.
शेजारच्या मुलीच्या डब्यात काय आहे
ते बघत होती वाकून.
बस वळली. फुटपाथवर मी, हात वर.
खाली कसा आणायचा,
ते हाच धंदा करणाऱ्या बाईला सुचेना.

दुपारी टेबलावर बसले.
पंखा कागद उडवत होता, त्यांच्यावर पेपरवेट म्हणून
कालची कैरी.
तिसऱ्या खिडकीतल्या मुलीचा हात
मी वर नेलाच नाही. मान वळवली.
सरांनी गठ्ठा चुटकीसरशी फडफडवून पाहिला,
थांबले, पुन्हा फडफडवला.
"ही का हलवत नाही?"
"बघतेय."
"काय?"
"चकली."
सरांनी कानावरची पेन्सिल काढली,
परत कानावर ठेवली.
"राहू दे."

पाच दिवस फोन नाही, शिबिराचा नियम.
मी कुकर लावायची तिघांचा,
आणि रात्री उरलेला भात बघून
नवरा म्हणायचा, "उद्या फोडणीचा करू,"
चारही दिवस तेच म्हणाला.

मग ती आली. नाकाचं साल गेलेलं,
पायांवर डासांनी काढलेली नक्षी,
आवाज बसलेला.
बाटली नाही, टॉर्च नाही, टॉवेल दुसराच.
एक चप्पल तिची, एक निळी.
निळीच्या आत, माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात,
'ऋजुता आपटे, पाचवी ब'.
कुठल्यातरी घरात आत्ता
एक बाई माझं अक्षर वाचत असेल.

सिनेमा लागायला पुढची दिवाळी उजाडली.
कोथरूडच्या थिएटरात आम्ही तिघं, मधल्या रांगेत,
आणि मागे कुणाचं तरी बाळ, खुर्चीला लाथा घालणारं.
मिहिका म्हणाली, "डास कुठेत?"
म्हणाली, "इतकं स्वच्छ तळं नसतं."
थोड्या वेळानं, हळू आवाजात,
"आई, यांच्यात दुसऱ्या रात्री कुणीच कसं रडत नाही?"
मी तिच्याकडे पाहिलं.
हे तिनं सांगितलं नव्हतं. दीड वर्षं.
"तू रडलेलीस?"
"सगळेच. ऋजुता जास्त."

आणि नेमका तेव्हाच आला एकशे चौदा.
मी तिच्या कोपराला कोपर लावलं,
बघ, तिसरी खिडकी, बघ ना,
अठ्ठेचाळीस चित्रं, नऊ दिवस,
कैरीखाली दाबलेले कागद.

ती पॉपकॉर्नच्या पुड्यात वाकून
तळाशी काय उरलंय ते शोधत होती.