डिकीतला बल्ब

कायतान आफोंसोच्या स्कूटरच्या डिकीत
जुन्या मोज्यात गुंडाळलेला एक बल्ब असतो.
विकाऊ फ्लॅटांत होल्डर असतात, उजेड नसतो.
गिऱ्हाईक यायच्या आधी तो जातो, बल्ब लावतो,
खिडक्या उघडतो, मेलेले पतंग झाडून काढतो,
नळातलं तांबूस पाणी वाहून जाऊ देतो.
गिऱ्हाईक गेलं की बल्ब गार होईपर्यंत थांबतो.
मग पुन्हा मोज्यात.

हे मला सातव्या खेपेला कळलं.

आम्ही बेळगावहून यायचो, चोर्ला घाट उतरून,
साखळीला भाजी-पाव खाऊन.
"दोन वाजता भेटू" असं मीच सांगायचो.
दोन म्हणजे सगळं रायबंदर निजलेलं,
दुकानांची दारं ओढून घेतलेली.
तो नाही म्हणायचा नाही.
दिवाडीहून फेरीबोट धरून यायचा,
एका गालावर उशीची वळी.

बजेट विचारलं तेव्हा मी सत्तर म्हणालो होतो.
होते पंचेचाळीस,
तेही भावाने वाटणीचे दिले तर.
पण आकडा सांगताना बरं वाटलं,
आणि एकदा सत्तर म्हटलं
की घरंही सत्तरचीच बघावी लागतात.
मांडवी दिसणारी बाल्कनी.
हिने पडद्यांची मापं घेतली,
टेपचं दुसरं टोक कायतानने धरलं.

अकरा घरं.
अकरांतही भिंतीवर टिचकी मारून
मी जाणकारासारखा "हं" म्हणालो.
त्याला दोन टक्के मिळतात, सौदा झाला तर.
"हं"चे काही मिळत नाहीत.

मग एका शनिवारी गेलोच नाही.
कारण काही नाही. जेवण अंगावर आलं,
डोळा लागला.
फोन करायचा राहिला.
राहिला म्हणजे, केला नाही.

पुढच्या वेळी किल्ल्यांचा जुडगा चाळता चाळता
तोच म्हणाला, "घाटांत गाडी बंद पडली न्ही?"
निमित्तसुद्धा त्यानेच आणून दिलं होतं,
खिडक्या उघडून, झाडून.
मी ते घेतलं. हो म्हणालो.
ही पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.
खाली वॉचमन सहज बोलून गेला,
त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर
साडेसहापर्यंत दिवा होता.

शुक्रवारी रात्री फोन हातात घेतला, ठेवला.
शनिवारी सकाळी केला.
पंचेचाळीस, म्हणालो. भावाचं नक्की नाही.
यंदा जमणार नाही. उद्याही नाही, आजही येत नाही.
सत्तर मी उगाच बोललो होतो.

पलीकडे फेरीबोटीचं इंजिन घरघरत होतं.
म्हणजे तो निघालाच होता,
सकाळीच, कुणा दुसऱ्यासाठी असेल,
किंवा नळ सोडायला.
मग म्हणाला, "बरें केलें सांगलें तें."
आणि थोडं थांबून, आवाज बदलून,
"आयज पुताचो फुटबॉल. वता तर हांव."

मी माफी मागायच्या बेतात होतो,
वाक्य जुळवलं होतं चांगलं, लांबलचक.
पण तेही त्याच्याच वेळातून गेलं असतं.
ठेवला फोन.

दुपारी दोनला हिने पडद्यांच्या मापांचा कागद
किराण्याच्या यादीला पाठकोरा वापरला.
रायबंदरला तिसऱ्या मजल्यावर
आज काळोख असेल,
नळात तांबूस पाणी साचलेलं,
आणि दिवाडीच्या कुठल्याशा मैदानाकडेला
स्कूटर उभी,
डिकीत मोजा.