इसार

ओतिलिया वेन्चुर आली तेव्हा ओहोटी होती,
बाबा फळीवर रंधा मारत होते.
तिनं जर्सीच्या आत हात घातला,
प्लास्टिकच्या पिशवीतून नोटा काढल्या,
दमट, शिंपल्यांच्या वासाच्या.
मी त्या शेगडीच्या दांडीवर
मोज्यांसारख्या वाळत घातल्या
आणि मोजल्या.
एक तृतीयांशाला अकरा हजार कमी.

चिलोएच्या आमच्या बाजूला नावेचा व्यवहार असा:
इसार हातावर पडल्याशिवाय
जंगलातल्या झाडाला कळू द्यायचं नाही.
आज पैसे, उद्या कुऱ्हाड,
मग वर्षभर लाकूड सुकणार,
मग कणा, मग फासळ्या,
आणि तोवर घेणाऱ्याकडे
फक्त माझ्या अक्षरातला एक कागद.

"उरलेले नाही जमले तर?"
बाबांनी हनुवटीनं आवाराचं टोक दाखवलं.
तेरा फासळ्यांवर थांबलेली एक नाव,
नऊ वर्षं झाली,
आत कोंबड्या अंडी घालतात.
"त्याचा इसार बुडाला. आणि माझे खिळे."

ती तिकडे गेली ती बराच वेळ आली नाही.
खिडकीतून मला दिसत होतं,
एकेक फासळी ती हातानं चाचपत होती,
गाभण मेंढी चाचपतात तशी.
एका कोंबडीनं तिला टोचलंसुद्धा.

"ही निबाल्दोची," आल्यावर म्हणाली.
विचारत नव्हती.
मी जुनी वही काढली, कसर झटकली.
नाव, माणसाचं: निबाल्दो वेन्चुर.
नाव, नावेचं:
तिथं काहीच नाही.
"पाण्यात पडू दे, मग ठरवू," म्हणाला होता
आणि उरलेले कमवायला
उत्तरेच्या खाणीत गेला.
तिकडून पैसे आले नाहीत. पत्रही.

भावाचा इसार बहिणीच्या खात्यावर चढतो का,
हे वहीत कुठंच लिहिलेलं नाही.
बाबांनी रंधा उलटा केला,
पात्यात अडकलेला भुसा नखानं काढत बसले,
भुसा संपल्यावरही.
मग चिडल्यासारखे म्हणाले,
"आणि माझ्या कोंबड्या कुठं जातील?"

मी नोटा शेगडीवरून उतरवल्या.
अकरा हजारांबद्दल कुणी बोललं नाही.
पावतीवर आजची तारीख घातली,
माणसाचं नाव घातलं,
आणि पेन तसंच उघडं धरून
तिच्याकडे बघितलं.