फॅमिली रूम

व्हिसा तीस दिवसांचा.
त्यात शुक्रवार चार,
आणि ह्यांच्या पाकिटात वहीचं एक पान,
घड्यांवर फाटत आलेलं:
रियामची बाग. मत्रहचा मासळी बाजार. कुरुमचा किनारा.
खल्फानच्या टपरीवरचा मिश्काक,
आणि त्यापुढे, कस्तुरीला तिखट चालेल का?

हे लिहिलं तेव्हा कस्तुरी चार वर्षांची.
आता अकरा पूर्ण,
ठेचा नुसता चाटून खाते.

पहिल्या शुक्रवारी हॉटेलला दोन दारं निघाली.
एक सताड उघडं, आत बाकांवर दाटीनं पुरुष,
मान खाली, हात भराभर.
दुसऱ्याला पडदा, वर पाटी,
पाटीवर बाप, आई, मधे फ्रॉकवाली मुलगी.
हे उघड्या दाराकडेच वळले, सवयीनं.
मी म्हटलं, अहो, इकडून.
"हो की," म्हणाले,
आणि माझ्या मागून आत आले,
पाहुण्यांच्या घरी यावं तसे.

आत गालिचा, लोड, मधे अंथरलेलं प्लास्टिक.
बूट काढावे लागतात हे ह्यांना ठाऊक नव्हतं.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
जेवण होईस्तोवर तो पाय
मांडीखाली दाबून बसले.

"बाबा, इथलं काय चांगलं?" कस्तुरीनं विचारलं.
हे वर बघत राहिले, जाळीकडे.
"एसी," म्हणाले. "अडीच टनाचा.
मागच्या जूनमधे मीच गॅस भरला.
छपरावर पत्रा असा तापलेला
की पाना रुमालात गुंडाळून धरायचा.
खालून भाताचा वास यायचा,
धुरावर शिजलेल्या मटणाचा.
त्या वासावरून पानावर लिहिलं.
चव तुम्हीच सांगा."

भात चौघांना पुरेल एवढा आला, परातीत.
कस्तुरी म्हणाली, मीठ कमी आहे.
हे इतके हसले की शाजी वेटर
पडद्याआडून विचारून गेला, काही हवंय का.

मत्रहला सुरमई माझ्या हाताएवढी.
मी गुहागरची, मला भाव काय शिकवणार?
बोटांवर हिशेब मांडला, एक रियाल म्हणजे दोनशे आणि वर,
तर हे म्हणाले, गुणाकार सोड.
इथे गुणाकार केलास
की पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही.
(हे सात वर्षं चहा कुठून प्यायले,
ते मी त्या दिवशी विचारलं नाही.)

रियामला कस्तुरीला गाडी लागली.
टेकडीवरचं ते भलंमोठं धूपपात्र
तिनं पिशवीत तोंड घालून पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही.

आणि खल्फानची टपरी नव्हती.
त्या जागी मोबाइलचं दुकान,
काचेत कव्हरं टांगलेली, गुलाबी, चमकीची.
हे आत जाऊन चौकशी करून आले.
मग पुन्हा एकदा गेले.
बाहेर आल्यावर पान उघडलं, मिटलं,
काट मारायला पेन नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यावर, गाडीतूनच हॉर्न देऊन,
पराठ्यात चीज आणि वेफर्सचा चुरा गुंडाळलेला रोल,
तीनशे बैसांना एक. आम्ही पाच घेतले.
समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसलो,
वाऱ्यानं कागद उडत होते,
एक मांजर आमच्यातच मोजावी अशी बसलेली.
कस्तुरी म्हणाली, हेच सगळ्यात भारी.
माझ्या पर्समधली पेन्सिल काढून
तिनं ते पानाच्या तळाला लिहिलं, तेलकट बोटांनी,
आणि पुढे: तिखट अजून चालेल.

पाचवा शुक्रवार आला तेव्हा आम्ही घरी,
आंब्याची पेटी सोडत होतो.
फोनवर विचारलं, कुठे जेवलात?
"तिथेच," म्हणाले. "उघड्या दारानं.
शाजी विचारत होता, मुलगी कुठेय."
मग भांड्यांचा आवाज, कुणाची तरी हाक,
आणि बऱ्याच वेळानं:
"मीठ खरंच कमी असतं गं."