जोडी

बेलापूरला तिसऱ्या मजल्यावर मी जोड्या जुळवते.
एकच घर, दोनदा विकलेलं,
तरच मोजायचं. नाहीतर नव्या टॉवरचा भाव
जुन्या खोलीच्या अंगात येतो.

आधारवर्ष शंभर.
कोपरखैरणे, सिडकोची खोली, इंडेक्स टू:
एक्याण्णवला बासष्ट हजार,
दोन हजार सहाला साडेचार लाख.
मधे कुणीतरी गॅलरी आत घेतली,
हप्ते फेडता फेडता पोटमाळा चढवला,
हे कागदावर नाही.
कागदावर नाही ते सगळं आम्ही
भाववाढीत धरतो.

चारला देशाचा आकडा येतो:
एकशे सदतीस पूर्णांक चार.
त्यात ही खोली, आमटीतल्या हिंगाएवढी.
कुणाला वास येत असेल का?

तेवढ्यात धुरपदआत्याचा फोन, बोनकोड्याहून.
"तो दलाल परत आयलाय. किती सांगू गो?
तुझं तर तेच काम."

तिचं घर आजोबांनी बांधलेलं, खाडीच्या रेतीचं.
एकही खरेदीखत नाही. जोडी कुठली?
माझ्या देशात ते घरच नाही.

"काही सांगू नकोस. चहा दिलास?"
"दिला की.
दोनदा."