हेमांगीने विचारलं म्हणून

तर हेमांगी, पहिलं हे ऐक:
मोठी बॅग धक्क्यावरच आपल्या हातून जाते
आणि रात्री जेवणं उरकल्यावर खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते,
माहेरी आलेल्या लेकीसारखी, उशिरा, काही न सांगता.
तोवर बीपीची गोळी, चष्मा, एक साधा ड्रेस
खांद्याच्या पिशवीत असू दे.
मी ठेवला नव्हता.
मी सहा तास जरीच्या साडीत बोटभर हिंडले.

गळ्यात एक कार्ड अडकवतात.
तेच किल्ली, तेच पाकीट.
सरबताला दाखवलं की गोड हसतात
आणि शेवटच्या सकाळी दाराखालून हिशेब सरकवतात.
चार सरबतांत आपल्या डेअरीचं पंधरा दिवसांचं दूध आलं असतं.
पाणी पी.

पहिल्या ताटात ढोकळा, नूडल्स, कलिंगड आणि सुरमई
एकमेकांच्या अंगावर पडतात. पडू देत.
दुसऱ्या दिवशी माणूस आपोआप वरणभात शोधायला लागतो.

पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला असतो.
मला तो मोडवेना.
तीन दिवस आम्ही घरच्या पंचाला हात पुसले.

भोंगा वाजला की नारिंगी जाकिटं घालून रांगेत उभं करतात.
सगळे हसतात, फोटो काढतात. मीही.
हे हसले नाहीत.
ह्यांनी माझा पट्टा दोनदा ओढून बघितला,
मग शेजारच्या अनोळखी बाईंचाही.

तुला वाटेल, बुरोंडकरांना काय नवीन,
अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस.
निघायच्या आधी मीही विचारलं होतं, कसं असतं हो?
म्हणाले, गरम.
आणि आवाज फार. कानात कापूस घाल.

मी नेरूळच्या ह्याच गच्चीवर कपडे वाळत घालायचे.
तिवरांच्या पलीकडे खाडीची एक पट्टी चकाकायची,
पौर्णिमेला चंद्र वर आला की म्हणायचे,
ह्यांना केवढा दिसत असेल!
कधी कधी रागही यायचा त्या चंद्राचा.

दुसऱ्या रात्री जाग आली तर पलंग रिकामा.
शोधत शोधत सगळ्यात खाली गेले.
एक लोखंडी दार, त्यावर प्रवेश बंद,
आणि दाराबाहेर हे उकिडवे बसलेले,
तळहात जमिनीला टेकवून,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
काय झालं?
काही नाही. चांगली चालली आहे.
तेव्हा कळलं मला
अठ्ठावीस वर्षांचं घर ह्या दाराच्या आत होतं,
पाण्याच्या पातळीखाली, तेलाच्या वासात,
जिथे चंद्र उतरत नाही.

हाताला धरून वर नेलं. अकरावा मजला.
लक्षद्वीपच्या वाटेवर, चहूकडे नुसतं पाणी,
केरवाला पोरगा खुर्च्या पुसत होता.
मग पाण्यातून तो निघाला, ओला, लाल,
आपण टीव्हीत बघतो त्याहून बराच हळू.
ह्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला.
बराच वेळ काही नाही.
मग मला विचारतात,
हे असं रोज व्हायचं?

मी काय सांगणार, हेमांगी.
मी तर नेरूळला होते.

बाकी, बोट लागली तर आलेपाक चघळ,
माझ्याकडे अर्धा डबा उरलाय, जाताना घेऊन जा.
परत आल्यावर दोन दिवस घर हलतं.
आंघोळ करताना नळ धरून उभी राहा, घाबरू नकोस,
तिसऱ्या दिवशी नेरूळ जागेवर येतं.

आणि एजंट तुला आतली खोली दाखवेल,
स्वस्त, नीटनेटकी, एसी छान.
ती घेऊ नकोस.
खिडकीची घे.